व्हिएतनामच्या गच्चीवरची रेंज

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अख्ख्या जव्हारमध्ये मोबाईलचा प्लॅन माझ्याइतका बारकाईने कुणी वाचत नाही! बाजारात माझं नळ, खिळे आणि रंगाचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक खिळ्यांपेक्षा रिचार्जचा सल्ला मागायला जास्त येतं. "दामोदरशेठ, कुठला मारू?" मी सांगतो. फुकट सांगतो! तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत बायकोला, म्हणजे शांताला, घेऊन व्हिएतनामला जायचं ठरलं, तर मी पहिलं काम काय केलं असेल? बॅगा भरल्या? छे! सिमकार्ड शोधायला बसलो.

सहल स्वस्तात मिळाली होती. एका एजंटाने जव्हार-मोखाड्यात नाक्यानाक्यावर बॅनर लावले होते, 'दिवाळी व्हिएतनाममध्ये!' आता सहल स्वस्त आणि फोन महाग, हे माझ्यासारख्याला चालेल का?

"सरळ आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक घ्या," शांता म्हणाली. "हाच नंबर तिकडे वाजेल. डोक्याला ताप नको."

"लूट आहे ती, लूट! मी ई-सिम घेणार. नेटवर विकत घ्यायचं, कोड स्कॅन करायचा, की फोनमध्ये बसलं. हातात काही घ्यायचं नाही, काही दिसत नाही."

"जे दिसत नाही त्याचे पैसे कशाला द्यायचे?"

"देव तरी कुठे दिसतो? पेटीत टाकतेसच ना?"

झालं, मी जिंकलो! सगळ्या वेबसाइटी पालथ्या घालून मी सगळ्यात स्वस्त प्लॅन काढला. वर लिहिलं होतं, 'अमर्याद डेटा'. अमर्याद! आणखी काय पाहिजे? छाती फुगवून मी लेकीला, ऋतिकाला, दाखवला. तिने एकदाच स्क्रीनवरून नजर फिरवली.

"बाबा, हे नुसतं डेटाचं आहे. याच्यावर साधा फोन येणार नाही. मग रविवारी काय करणार?"

रविवार मी साफ विसरलो होतो!

रविवारचं असं होतं. ऋतिकाला मोखाड्याच्या परागचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, स्वभावाने गरीब. पाहण्याचा कार्यक्रम झाला आणि आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी आमची ही पोरगी माझ्या तोंडावर म्हणाली, "बाबा, मला आवडलाय. हे स्थळ घालवू नका." आता आली का पंचाईत! परागचे वडील गौतमराव पंचायत समितीतून निवृत्त झालेले, जुन्या वळणाचे. जाताना दारात उभं राहून सांगून गेले, "होकार असो की नकार, बापाने बापाला तोंडी सांगायचा. मेसेजबिसेज मला चालत नाहीत. रविवारी सकाळी फोन करतो. बोलणं झालं नाही, तर पुढच्या आठवड्यात आम्हाला वाडा गावची मुलगी बघायला जायचंय."

"करा की! मी घरीच आहे," मी म्हणालो. "घराचं रंगकाम काढलंय."

हो, ठोकून दिलं! मुलीचा बाप विमानाने फिरतो म्हटल्यावर पुढे काय काय अपेक्षा होतील, तुम्हीच सांगा. गौतमरावही म्हणाले, "आम्ही तरी कुठे जातोय? जामसरला शेतावर भाताची झोडणी काढलीय."

आता इथलं सिम फोनमध्ये घालून नेलं, तर तिकडे नुसती रिंग वाजली तरी बिल येतं म्हणे! मग मी डोकं चालवलं. "ऋतिका, माझं सिम जुन्या फोनात घालून तुझ्याजवळ ठेव. त्यांचा फोन आला की तुझ्या फोनवरून मला व्हॉट्सॲप कॉल लाव. दोन्ही फोन स्पीकरवर टाकायचे आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावून धरायचं. त्यांना वाटेल मी घरातूनच बोलतोय!"

"माझ्या लग्नाची बोलणी, आणि मीच फोन धरून उभी?"

"धरायचे. पण मध्ये एक शब्द बोलायचा नाही!"

"रोमिंगचा पॅक घेतला असता तर..." स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तू गप गं!"

हॅनॉयला विमानातून उतरताच ई-सिम चालू झालं. सहलीतले बाकीचे लोक विमानतळावर सिमच्या रांगेत ताटकळत होते आणि मी त्यांच्यासमोरून फोनवर मोठमोठ्याने बोलत गेलो, मुद्दाम! पण 'अमर्याद'च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी होतं, ते मी वाचलं नव्हतं. ठरावीक डेटा संपला की वेग मरतो. आणि तो डेटा संपवायला शांता समर्थ होती! साखरशेतच्या बहिणीला, योगिताला, ती माझ्या फोनवरून दिवसदिवस व्हिडिओ दाखवत होती. "बघ गं, इथे पण भातच लावलाय! अगदी आपल्यासारखा!"

"एवढा खर्च करून भातच बघायचा होता, तर साखरशेत काय वाईट होतं?" मी ओरडलो. पण तोवर फोन गोगलगाय झाला होता.

रविवार उजाडला. खोलीत फोनवर नुसतं चक्र फिरत होतं. आता आमच्याकडच्या माणसाला विचारा, रेंज नसली की काय करायचं? वर चढायचं! जव्हार-मोखाड्याकडे घराघरात जसा देव्हारा असतो, तशी रेंजचीही एक जागा असते. कुणाची गच्ची, कुणाची टेकडी, कुणाचा बांधावरचा आंबा. मी तडक हॉटेलच्या गच्चीवर गेलो आणि पाण्याच्या टाकीजवळची लोखंडी शिडी धरली.

"अहो, इथली माणसं खाली बसूनच बोलतायत!" शांता खालून ओरडली.

"त्यांना काय कळतंय रेंजमधलं!"

शिडीवरून टाकीच्या कट्ट्यावर पोचलो. तिथे पंप घरघरत होता आणि खालून स्कूटरींचे हॉर्न. तेवढ्यात ऋतिकाचा कॉल आला.

"बाबा, आला त्यांचा फोन! इथे लाइट गेलीय, घरात रेंज नाही. मी गच्चीवर आलेय. जोडते हं!"

"नमस्कार, दामोदरराव! तब्येत काय म्हणते?"

"उत्तम!" मी म्हणालो. पण माझं 'उत्तम' रखडत रखडत जव्हारला पोचेपर्यंत गौतमराव पुढे गेले होते.

"आमच्या सौंचा गुडघा फार दुखतो हो."

त्यावर जाऊन पडलं माझं "उत्तम!"

"उत्तम?"

मी घाबरून "अरेरेरे!" म्हणालो. तेही पोचलं कधी? ते "पराग मात्र खूश आहे" म्हणाले, तेव्हा!

"अहो, पोरगा खूश आहे म्हटलं तर अरेरे काय?"

"बाबा, नीट बोला ना!" ऋतिकाची रडवेली कुजबुज ऐकू आली. स्थळ हातचं चाललं होतं.

"तुमच्या खळ्यावर हॉर्न कसले वाजतायत?" मी विषय बदलला.

"हॉर्न? मळणीयंत्र आहे! पण तुमच्याकडेही वाजतायत की!"

"रंग मारायचं मशीन आहे!"

तेवढ्यात जव्हारच्या गच्चीवर आमच्या शेजारीण गौराकाकू आल्या. रेंजच्या जागेवर आलेला फोन हा सगळ्यांचा असतो, ही आमच्याकडची रीत. जो जवळ असेल त्याने निरोप घ्यायचा! काकूंनी तो घेतला.

"कोण बोलतंय? दामोदर हवाय होय? अहो, तो इथे कुठाय! बायकोला घेऊन व्हिएतनामला गेलाय!"

मेलो! मी डोळे मिटले. नेमका तेव्हाच पंप बंद पडला आणि टाकीच्या पलीकडून आवाज आला, "व्हिएतनामला?"

थोडा वेळ गेला. मग माझ्या हातातल्या फोनमधून तोच आवाज आला, "व्हिएतनामला?"

मी टाकीला वळसा घातला. पलीकडे गौतमराव उभे! अंगात बनियन, डोक्यावर तिकडची वेताची टोपी, पायाखाली पालथी बादली आणि फोन आभाळाकडे धरलेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"झालं का रंगकाम?" त्यांनी विचारलं.

"आटोपली का झोडणी?" मी विचारलं.

ते बादलीवरून उतरले. चेहरा लाल. "मुलीच्या बापाने असं खोटं बोलावं?"

"आणि मुलाच्या बापाने?"

"आम्ही उधळे आहोत असं वाटू नये, म्हणून बोललो!"

"मग मी काय हौस म्हणून बोललो?"

"असल्या खोटारड्या घरातली मुलगी मला नको!"

"मीच देत नाही! जा, वाड्याची बघा!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. ऋतिका ऐकत होती! 'हे स्थळ घालवू नका' म्हणून सांगितलेल्या पोरीला दोन फोन धरून हे ऐकायला लावलं मी! "ऋतिका? बाळा, ऐकलंस का गं?" फोनमधून काही नाही. गौतमरावही आपल्या फोनमध्ये हाका मारत होते, "पराग! अरे पराग!"

"पराग? तो कुठाय?"

"मोखाड्याला. माझं सिम त्याच्याकडे आहे," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "दोन फोन एकमेकांना लावून उभा आहे बिचारा. त्या बॅनरवाल्या एजंटाच्या दुसऱ्या तुकडीतून मी काल रात्री इकडे आलो, नुसतं डेटाचं ई-सिम घेऊन!"

मी कट्ट्यावर बसलो. ते बादलीवर बसले. इतक्यात दोघांचेही फोन टुणकन वाजले. मला ऋतिकाचा मेसेज आला होता, त्यांना परागचा. मजकूर साधारण एकच.

'बाबा, तुम्हा दोघांचं एकमेकांना काही कळत नव्हतं. काकूंनी तोंड घातल्यावर आम्ही दोन्हीकडचे व्हॉट्सॲप कॉल बंद केले. साधा फोन चालूच होता, त्याच्यावर राहिलो पराग आणि मी. आमचं ठरलंय. माघात करू. तुम्ही सावकाश फिरून या.'

देवाची कृपा! भांडण तिकडे पोचलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू! गौतमरावांनी टोपी काढली, घसा खाकरला आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "दामोदरराव, बापाने बापाला तोंडी सांगायचं असतं. आमचा होकार आहे."

"आमचाही!" मी म्हणालो. आम्ही मिठी मारली. खाली उतरलो तर शांता स्वतःचा फोन नाचवत आली. "अहो, हॉटेलचं वायफाय फुकट आहे! मघापासून योगिताशी बोलतेय. काय स्वच्छ दिसतोय तिचा चेहरा!"

आम्ही दोघे व्याही एकमेकांकडे न बघता नाश्त्याला गेलो. चहा घेताना मी सहज, अगदी सहज, विचारलं, "तुमचं ई-सिम केवढ्याला पडलं?"

त्यांनी सांगितलं. माझ्यापेक्षा स्वस्त!

लग्न थाटात झालं, पोरगी सुखात आहे. पण ही शेवटची गोष्ट जव्हारच्या बाजारात कुणाला माहीत नाही. तेव्हा दुकानात आलात तर खिळे घ्या, रंग घ्या, रिचार्जचा सल्लाही घ्या, पण हा विषय काढू नका!