गल्लीभर पसरलेलं घरचं नेटवर्क

शनिवारी संध्याकाळी साहेबांनी नुसतं एवढंच विचारलं होतं, "कलशेट्टी, हे तीन जुने कॉम्प्युटर घेऊन जायला भंगारवाल्याला फोन करता का?"

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात सोमशेखर कलशेट्टी हेडक्लार्क होते. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबांना "हो सर" सोडून दुसरं काही म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"सर, मी नेऊ का घरी?"

का म्हणाले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या तिघांवर त्यांनी चौदा वर्षं चादरी-टॉवेलची चलनं बडवली होती. आता त्यांची मानगूट धरून भंगारवाला नेणार, हे त्यांना बघवेना. साहेबांना गंमत वाटली. त्यांनी वर एक कर्कश आवाजाचा जुना प्रिंटर आणि पाच भोकांचा धुळकट राउटरही देऊन टाकला. (साहेब लोकांचा हात अशाच वेळी सैल सुटतो.)

रिक्षा भवानी पेठेतल्या घरासमोर थांबली, तेव्हा शिवलीलाबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याच्या मांडीवर एक, पायाशी एक आणि बगलेत एक असे तीन डबे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अय्यो शिवा! हे काय आणलाव?"

"कॉम्प्युटर."

"ते दिसलालंय की. कशाला?"

"आता आपल्या घरात नेटवर्क होणार," सोमशेखर छाती फुगवून म्हणाले. "हॉलमध्ये एक, आतल्या खोलीत एक आणि स्वयंपाकघरात एक. तिन्ही एकमेकांशी बोलणार."

"घरात माणसं दोन," शिवलीलाबाई म्हणाल्या. "ती तरी बोलतात का एकमेकांशी?"

मग आत वळता वळता त्या थांबल्या आणि बोट नाचवून म्हणाल्या, "हे बघा, उद्या बाराला माझी तोंडी परीक्षा हाय. तोवर त्या नेटच्या डबीला हात लावायचा न्हाय. लावला तर माझ्यासारखी वाईट न्हाय."

हे प्रकरण गंभीर होतं. शिवलीलाबाईंचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला असताना लग्नामुळे सुटलं होतं. पुढे मुलं झाली, त्यांच्या शाळा झाल्या, ती नोकरीला बाहेरगावी गेली, आणि घर रिकामं झाल्यावर बाईंनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी बाहेरून बी.ए.चा फॉर्म भरला. तीन वर्षं कुकरच्या शिट्ट्या मोजत त्यांनी अभ्यास केला. टॉवेलला शिलाई मारणाऱ्या बायकांवर चाळीस पानांचा प्रकल्प स्वतःच्या हातानं लिहिला. आता त्यावरची वीस मिनिटांची तोंडी परीक्षा तेवढी उरली होती, आणि ती मोबाइलवर व्हिडिओनं होणार होती. भवानी पेठेच्या त्या बोळात घराच्या आत मोबाइलला रेंज म्हणून येत नसे. सगळी मदार घरच्या त्या डबीतल्या वायफायवर.

सोमशेखरांनी वचन दिलं. अगदी मनापासून दिलं.

पण माणसाला रविवार सकाळ नावाची एक वेळ असते. नऊ वाजता आंघोळ, पूजा आणि नाश्ता उरकला. शिवलीलाबाई स्वयंपाकघरात वही उघडून पुटपुटत बसल्या. तिन्ही कॉम्प्युटर आपापल्या जागी मांडलेले. सोमशेखर त्यांच्याकडे बघत बसले आणि ते तिघं सोमशेखरांकडे. नुसते चालू करून बघायला काय हरकत आहे?

केले. तिघेही म्हाताऱ्यासारखे खाकरत चालू झाले. आता जुन्या कॉम्प्युटरला वायफाय कळत नाही, त्याला वायरच लागते. वायरी होत्या. एक कपड्यांच्या दोरीवरून आतल्या खोलीत गेली आणि दुसरी पाटावरवंट्यामागून स्वयंपाकघरात, तिथल्या कॉम्प्युटरला प्रिंटरही जोडला.

"काय करलालाव?" शिवलीलाबाईंनी वहीतून मान वर न काढता विचारलं.

"काही न्हाय. तू वाच."

राहिलं इंटरनेट. त्या गल्लीत नेट यायचं ते कोपऱ्यावरच्या खांबाच्या पेटीतून. तिथून प्रत्येक घरात एक वायर, आणि ती घरातल्या डबीत. डबीला हात लावायचा नव्हता. सोमशेखर वचनाचे पक्के. त्यांनी डबीला हात न लावता, डबीत येणारी वायर तेवढी बाहेर ओढली. (कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही वेगळं आहे.) ती वायर जुन्या राउटरमध्ये घालायची आणि राउटरमधून तीन कॉम्प्युटरना तीन आणि डबीला एक अशा चार वायरी काढायच्या. पाच वायरी, पाच भोकं. हिशेब इतका चोख बसला, की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. भोकांपैकी चार पिवळी होती आणि एक निळं, पण भोक ते भोक, असा विचार करून खांबावरची वायर त्यांनी हाताला आलेल्या पहिल्याच पिवळ्या भोकात खुपसली.

आणि चमत्कार झाला! हॉलमधल्या पडद्यावर आतल्या खोलीतला कॉम्प्युटर दिसला. मग स्वयंपाकघरातलाही दिसला. पेनड्राइव्हवरचे घरचे फोटो आणि व्हिडिओ सोमशेखरांनी हॉलमध्ये टाकले, सगळ्यांना दिसतील अशी खूण केली, आतल्या खोलीत पळत जाऊन बघितले, तर दिसले! सोमशेखर परत हॉलमध्ये आले. पडद्यावर आता चार कॉम्प्युटर होते.

त्यांनी डोळे चोळले. पाच झाले. चहाचा एक घोट घेईतो नऊ.

'आपण तर तीनच आणले होते,' ते मनाशी म्हणाले. पण नेटवर्क म्हणजे वेलीसारखं पसरतच असणार, अशी त्यांनी समजूत करून घेतली. अकरा झाले, तेव्हा तर त्यांना अभिमानानं भरून आलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कर्रर्र कर्रर्र असा आवाज आणि पाठोपाठ शिवलीलाबाईंची किंकाळी आली.

"अहो! ह्याला भूत लागलंय! आपलं आपण छापलालंय!"

प्रिंटरनं खरंच एक कागद बाहेर टाकला होता. तो रजेचा अर्ज होता. 'माझी आई श्रीमती विठाबाई यांची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे मला सोमवार ते बुधवार रजा मिळावी.' खाली नाव चैतालीचं. चैताली समोरच्या घरात राहायची आणि तालुक्याच्या कचेरीत नोकरीला होती. विठाबाई तिची आई.

हा अर्ज आपल्या स्वयंपाकघरात का छापला गेला, हा प्रश्न कुणालाही पडला असता. सोमशेखरांना तो पडला नाही. ते कनवाळू माणूस. "अगं, विठाबाई लई आजारी हाय!" असं ओरडून ते बनियनवरच रस्ता ओलांडून पळाले, धडाधड जिना चढले. वर गच्चीवर विठाबाई शेंगा वाळत घालत होत्या.

"काकू, झोपा! झोपा तुम्ही! उन्हात कशाला आलात?"

"मला काय धाड भरलीय?" विठाबाई म्हणाल्या.

"प्रकृती अचानक बिघडली न्हाय का?"

"कुणी सांगितलं?"

सोमशेखरांनी कागद पुढे केला. मागून चैताली वर आली होती. कागद बघून ती लालबुंद झाली. त्या तीन दिवसांत तिला मैत्रिणीच्या लग्नाला जायचं होतं, आणि ते आईलाही अजून सांगितलेलं नव्हतं.

"काका, हा तुमच्याकडे कसा? मी माझ्या लॅपटॉपवरून प्रिंट दिली. एक नवाच प्रिंटर दिसत होता म्हणून दाबलं. आणि नेट का गेलंय, हेच कळेना झालंय."

"तुमचंबी गेलंय?"

आता तरी सोमशेखरांना संशय यायला हवा होता, पण तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून हाक आली. हाक ईश्वरप्पांची होती. ते होटगी स्टेशनवरून निवृत्त झालेले रेल्वेचे गार्ड. रविवारी क्रिकेट बघायला त्यांच्याकडे चारपाच जण जमत.

"सोमशेखर! मॅच बंद पडली बघ. पण तुझा कार्यक्रम चांगला चाललाय!"

"माझा कसला कार्यक्रम?"

"टीव्हीवर तुझंच नाव आलंय. दाबलं, तर तू सूर्यनमस्कार घालायलास की! पट्ट्यापट्ट्याची चड्डी लई झकास दिसतीय."

गुडघे नीट वाकतात की नाही, हे बघायला महिन्यापूर्वी सोमशेखरांनी स्वतःचा व्हिडिओ काढला होता. घरच्या फोटोंबरोबर तोही सगळ्यांना दिसेल अशा खुणेखाली गेला होता, आणि 'सगळ्यांना' म्हणजे किती जणांना, ते आता कळत होतं.

"बंद करा ते!"

"थांब की. सातव्यात तू पडतोयस म्हणे. तेवढं बघू दे."

आतून हशा उठला. सातवा नमस्कार झाला होता.

सोमशेखर घरी परतले, तेव्हा बाराला वीस मिनिटं कमी होती. शिवलीलाबाई इरकली साडी नेसून, केस विंचरून मोबाइल समोर धरून बसल्या होत्या. पडद्यावर एक गोल फिरत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग दोरीवरून लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी तेवढं तरारलं.

तीस वर्षांच्या संसारात सोमशेखरांना बायकोच्या बोलण्याची कधी भीती वाटली नव्हती. हे गप्प बसणं मात्र त्यांना सोसवेना. त्यांनी ओढता येईल ती वायर ओढली, घालता येईल तिथं घातली. कुठली कुठून आली होती, हे आता त्यांनाच आठवेना. गोल फिरतच राहिलं.

"चल!" ते एकदम म्हणाले आणि शिवलीलाबाईंचा हात धरून निघाले. भर गल्लीत, दिवसाढवळ्या, बायकोचा हात धरून. (लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.) "चैताली! तुझ्या गच्चीवर रेंज हाय न्हवं?"

चैतालीनं एका क्षणात सगळं ओळखलं. रजेचं प्रकरण बाजूला ठेवून तिनं जास्त चांगली रेंज पकडणारा आपला फोन दिला, शेंगा एका कडेला सारल्या आणि खुर्ची मांडली. पाण्याच्या टाकीला फोन टेकवला. उन्हासाठी सोमशेखर छत्री धरून मागे उभे राहिले, चित्रात न येता. ईश्वरप्पांनी गॅलरीतून ओरडून सांगितलं, "ए, गप्प बसा रे सगळे! वहिनींची परीक्षा हाय!" आणि गल्ली खरंच चिडीचूप झाली. नेट नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना वेळही होता.

बाराच्या ठोक्याला पडद्यावर चष्मा लावलेल्या एक मॅडम आल्या. पहिल्या दोन प्रश्नांना शिवलीलाबाईंचा आवाज कापला. तिसऱ्यापासून सुटला. मग मॅडम म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय, या बायका दिवसाला दोनशे टॉवेलना शिलाई मारतात. हे पुस्तकातून घेतलं का?"

"न्हाय मॅडम. बायकांना विचारून लिहिलंय."

"कोणाला?"

शिवलीलाबाईंनी फोन उचलला आणि सरळ कडेला वळवला. तिथं विठाबाई शेंगांच्या ढिगामागे श्वास रोखून बसल्या होत्या.

"ह्यांना. माझ्या प्रकल्पात पहिलं नाव ह्यांचंच हाय."

"दोनशे म्हंजे काय," विठाबाई लगेच सुरू झाल्या, "सणाच्या टायमाला अडीचशे मारलेत मी. हे बोट बघा. सुई आरपार गेल्ती. पट्टी बांधून पुना मशिनीवर बसले. तीस वर्सं. पण पोरगी शिकवली की!"

चैताली आईकडे बघत राहिली. बोटाचं तिला माहीत नव्हतं. वीस मिनिटांची परीक्षा चाळीस मिनिटं चालली. शेवटी मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "शिवलीलाताई, मी आठ वर्षं परीक्षा घेते आहे. इतकी चांगली कुणाची झाली नाही."

गल्लीत टाळ्या पडल्या. छत्री धरून सोमशेखरांचा हात बधिर झाला होता, पण त्यांनीही दुसऱ्या हातानं मांडी बडवली.

एक वाजता महेश्वर आला. खांबावरच्या पेटीतून गल्लीला नेट देणारा तो हाच. शिडी लावून त्यानं एकेक वायर उपटून बघितली. कलशेट्टींची उपटली आणि ईश्वरप्पांच्या घरातून "आली! मॅच आली!" असा गलका उठला.

"सापडलं," महेश्वर म्हणाला. घरात येऊन त्यानं राउटर उलटा करून दाखवला. "काका, खांबावरची वायर निळ्या भोकात घालायची. तुमी पिवळ्यात घातली. त्यामुळं सगळ्या गल्लीचं पोस्ट ऑफिस झाला तुमचा डबा. सगळ्यांना पत्ते ह्यानंच वाटले, पण टपाल पुढं जायला रस्ताच न्हाय!"

त्यानं वायर निळ्या भोकात घातली. तीन कॉम्प्युटर, डबी, सगळं सुरळीत चालू झालं. अकरा होते ते पुन्हा तीन झाले, त्याचं सोमशेखरांना थोडं वाईटच वाटलं.

संध्याकाळी विठाबाई वाटीभर शेंगांची चटणी घेऊन आल्या. चैतालीनं आईला लग्नाचं खरं सांगून टाकलं होतं, आणि दोघी मिळून जाणार होत्या. शिवलीलाबाईंनी स्वयंपाकघरातला कॉम्प्युटर आपला म्हणून जाहीर केला आणि पुढे एम.ए. करायचं ठरवलं. नवऱ्याच्या ताटात मात्र दुसरी पुरणपोळी न मागता पडली.

सोमवारी सकाळी कामावर जाताना सोमशेखर खांबापाशी थांबले. पेटीचं दार उघडं होतं. आत तीसेक वायरी, आणि प्रत्येकीवर महेश्वरनं चिकटवलेला नुसता एकेक आकडा. फक्त एका वायरीवर आकडा नव्हता. तिथं पांढऱ्या पट्टीवर लाल शाईत पूर्ण नाव होतं, 'श्री. सोमशेखर कलशेट्टी'.

त्यांना फार बरं वाटलं. गल्लीत एवढा मान दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता. चष्मा पुसून त्यांनी खालची बारीक ओळ वाचली.

'गल्लीत काहीही बिघडल्यास आधी यांना विचारावे, काय केलं.'