अविश्वास ठराव आणि काळी ट्रंक

"या खेपेला उदयसिंह सरपंच गेलाच म्हणून समजा!"

नाथाजीने पारावर बसून मांडी थोपटली, आणि नवल म्हणजे कुणी हसलं नाही. एरवी हसायचे. त्याच उदयसिंहाकडून दोनदा पडलेला गडी तो. पण या वेळी मामला खरा होता. जत भागातल्या त्यांच्या खडकेवाडीत वाजतगाजत नवी टाकी बांधली, हारतुरे झाले, फोटो झाले, आणि टाकीत पाणी काही चढलं नाही! एप्रिल लागला, नळ कोरडे पडले. बायका सरपंचाच्या दारावरून जाताना रिकाम्या घागरी मुद्दाम वाजवायला लागल्या.

ग्रामपंचायतीचे सदस्य नऊ. अविश्वास ठरावाला सात हवे होते. नाथाजी धरून विरोधी गटात सात होते. एक जास्त नाही, एक कमी नाही. एक जरी फुटला, तरी खेळ खलास. त्यात बायकोनं, राहीबाईनं, बजावून ठेवलेलं.

"आवं, ही शेवटची खेप हाय. आता हारला तर ही पांढरी कापडं पेटीत घालायची आनि गुमान मेंढरं राखायची!"

ठरावाच्या सभेला चार दिवस होते. सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना सहलीला न्यायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. नाथाजीने भाड्याची जीप केली आणि सगळ्यांना थेट महाबळेश्वर दाखवलं. शिवाय तो पडला रिटायर हवालदार. लॉजवर पाय ठेवताच त्याने फौजेतली काळी ट्रंक उघडून मधोमध ठेवली.

"मोबाईल बंद करून यात टाका. सरपंचाचा फोन यायचा, गोड बोलायचा, आनि तुमी पाघळायचा!"

"आनि तुजा रं?" धोंडुबाईनं विचारलं. सात जणांत वयानं मोठी आणि तोंडानं तिखट तीच.

"शिस्त म्हंजी शिस्त!" नाथाजीने आपलाही फोन बंद करून टाकला, कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. त्याला स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की जेवताना त्याने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजसमोर एक पांढरी मोटार दिसली. काचा काळ्या!

"आली! उदयसिंहाची मानसं आली!" नाथाजीला दरदरून घाम फुटला.

"आवं, त्यात नवराबायको हायती," धुळा सदस्य म्हणाला. "नवीन लगीन झाल्यालं. हातात चुडा हाय तिच्या."

"तीच तर आयडिया हाय गड्या! नवरानवरीवर कोन संशय घेतंय?"

आता सदस्य लपवायचे कुठे? खोलीत दार वाजणार, बाजारात कुणीही गाठणार. नाथाजीला एकच जागा सुचली, वेण्णा तळ्याचा मध्य! तिथे पोहत कोण येणार फोडायला? त्याने सहाही जणांना नावेत घातलं आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास पाण्यावर फिरवलं. धोंडुबाईला नाव लागली. धुळा मात्र खूश होता. एवढं पाणी त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. तो हात बुडवून बुडवून तोंड धूत होता.

काठावर जीपचा ड्रायव्हर ऋषिराज उभा होता. ड्रायव्हर काही सदस्य नव्हता. त्यामुळे त्याचा मोबाईल त्याच्याच खिशात होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तोच धावत आला. "नाना, वहिनींचा फोन हाय. लय तापल्यात!"

नाथाजीने फोन कानाला लावला आणि लगेच दोन इंच लांब धरला.

"आवं, हितं आमी थेंबाला तरसतोय आनि तुमी नावंत बसून मज्जा मारताय व्हय? ड्रायव्हरनं फोटू टाकलाय. आख्ख्या गावानं बघितला. तो धुळा तोंड धुतोय त्यात!"

"अगं, त्ये डावपेच..."

"काल तहसीलवर घागरमोर्चा काढला आमी. म्होरं कोन चालायचं? विरोधक तर तळ्यात! मग त्यो उदयसिंहच आला. डोस्क्यावर घागर घेऊन. साहेबाला म्हनला, टँकर दिल्याबिगर उठत न्हाई!"

"अगं, पन मोर्चा त्याच्याच इरुद्ध हुता न्हवं?"

"हुता. पन माईक त्यानंच घेतला!"

नाथाजीने सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं. पाच मिनिटांत जीप घाटाला लागली. गावाच्या वेशीवर बाया दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या. कुणी शिव्या दिल्या नाहीत. नुसत्या घागरी वाजवल्या. ते जास्त लागलं.

सभेत तहसीलदारांनी ठराव पुकारला. नाथाजीने हात वर केला आणि हळूच मागे बघितलं. पाचच हात! धोंडुबाई भिंतीकडे बघत होती, धुळा स्वतःच्या पायाकडे.

"धोंडुआक्के, हात!"

"सुनंनं घरात घेतलं न्हाई काल," ती म्हणाली. "म्हनली, तळ्यातच ऱ्हा. माजा हात न्हाई उचलत बाबा."

ठराव आपटला. लोक पांगल्यावर उदयसिंह चहाचे दोन कप घेऊन नाथाजीजवळ येऊन बसला. खूप दमलेला दिसत होता.

"नाथा, फोन का रं बंद तुजा?"

"का?"

"तुमी गेला त्याच सांजंला राजीनामा लिवला हुता मी. लय वैतागलो हुतो गड्या. म्हनलं नाथाला सांगावं, ठराव-बिराव नगं, मी मानानं जातो, खुर्ची तू घे. रातभर फोन लावला. बंद! मग मोर्चाच्या सकाळी बायका दारात आल्या. तुमच्यातलं कुनीच नव्हतं. म्हनलं, आता आपल्यालाच जावं लागतंय."

"मग आता? त्यो राजीनामा?"

"आता कशाला? लोकं हायती की संगट!"

नाथाजी घरी आला. करदोट्याची किल्ली काढून त्याने ट्रंक उघडली, फोन चालू केला. टिंग-टिंग करत मेसेज आले. उदयसिंहाचे सतरा मिस कॉल. खाली एक निरोप: 'नाथा, फोन उचल की रं.'

राहीबाईनं तो वाचला. तिनं त्याची पांढरी कापडं घडी करून त्याच ट्रंकेत घातली आणि दोन घागरी त्याच्या हातात दिल्या.

"टँकर आलाय. सरपंचानं आनलाय. जावा, लाईन लागलीया."

तेव्हापासून मेंढरांमागे हिंडतानाही नाथाजीचा फोन चालू असतो. रेंजसाठी तो टेकडीवर चढून बसतो. फोन येतातही भरपूर. सगळे कंपनीचे.