जंगबारला होडी आली

माझ्या आयुष्याचं वाटोळं एका 'हो'नं केलं. जळगावच्या एका कापसाच्या जिनात मी कारकून होतो. (दिवसभर गाठी मोजायच्या आणि नाकात कापूस घेऊन घरी यायचं.) मोठी लढाई संपून दोनेक वर्षं झाली असतील. एक दिवस कापसाचे दलाल रुपचंदभाऊ म्हणाले, "जंगबारला त्रिकमजी शेटना इंग्रजी लिहिणारा कारकून पाहिजे. जातोस?"

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. आता तुम्हीच सांगा, नंदुरबार आपल्याला ठाऊक आहे. मग जंगबार म्हणजे त्याच लाइनीवर दोन स्टेशनं पुढे, असं कुणाही शहाण्या माणसाला वाटेल की नाही? मी लागलीच पाचोऱ्याला सासरवाडी गाठली, बढती जाहीर केली, पेढे वाटले. तिकिटं हातात पडली तेव्हा कळलं, की आगगाडी मुंबईपर्यंतच आहे. पुढे आगबोट. जंगबार आफ्रिकेच्या कडेला, भर समुद्रात!

आता नाही म्हणायची सोय नव्हती. सासऱ्यांनी खाल्लेले पेढे परत मागता येत नाहीत.

एक खासगी गोष्ट सांगतो. मला पाण्याची भीती वाटते, आणि ती साधीसुधी नाही. गिरणा नदीला घोटाभर पाणी असलं तरी मी बैलगाडीच्या मधोमध डोळे मिटून बसतो. त्या आगबोटीवर माझे जे हाल झाले ते वैऱ्याचेही होऊ नयेत. (धुरपदाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, सांगते की मी आमच्या लग्नातली बुंदीसुद्धा ओकलो.) जंगबारच्या धक्क्यावर पाय टेकला आणि मी शपथ घेतली : इथे मरेन, पण पुन्हा आगबोटीत बसणार नाही. म्हणजे नोकरी टिकवणं आलं. नोकरी गेली, की घरचा रस्ता पुन्हा पाण्यातूनच होता.

आमचा उतारा एका मुसाफिरखान्यात, माडीवरच्या खोलीत होता. हवा अशी दमट, की धोतर वाळत घातलं तर आणखी ओलं व्हायचं. सगळीकडे लवंगांचा वास, त्यामुळे सगळ्या गावाची दाढ दुखते आहे असं वाटायचं. पलंगावर मच्छरदाणी होती, पण मला ते मासे धरायचं जाळं वाटलं आणि त्यातला मासा मी. दुसऱ्या दिवशी त्रिकमजी शेट नवा कारकून बघायला येणार होते. त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. खिडकीतून पाहिलं तर समुद्र मुसाफिरखान्याच्या भिंतीला धडका देत होता.

"धुरपदा, पाणी चढतंय गं!"

"भरती शे ती," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "उतरी जाई."

इतक्यात दारावर थाप पडली आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "होडी! होडी!"

माडीवर होडी आली! म्हणजे खालचा मजला बुडाला!

"दार उघडीसन दखा ना," धुरपदाबाई म्हणाली.

"वेडी की काय? पाणी आत येईल!" मी असं म्हणतोय तोवर दाराखालून खरंच पाण्याचा ओघळ आत आला.

"ओ माय! पानी मझार ऊनं!" ती ओरडली. मी गोधडी दाराशी कोंबली आणि माझ्या खास हिंदीत ओरडलो, "कितना आदमी है?"

"हम अकेला है!"

"हमारा दो आदमी समाएगा?"

"कहां समाएगा?"

"वो बाद में देखो! पहले हमारी औरत को ले जाव!"

"राम राम राम! हमको नहीं मंगता!"

"पैसा देगा!"

"अरे, कैसा आदमी है! हम बालबच्चेवाला है!"

काय हा नावाडी! स्वतःला पोरंबाळं आहेत, आणि परक्या बाईला बुडायला सोडतो! त्याचा आवाज लांब जाऊ लागला. होडी चालली होती. मी धुरपदेला म्हटलं, "माझ्यामागून उडी टाक," कडी काढली, "एकवीरामाय!" म्हणून डोळे मिटले आणि उडी मारली.

होडी मऊ लागली. ती गुजरातीत बोंबलतही होती. मग होडी आणि मी मिळून सगळा जिना एका दमात उतरलो.

डोळे उघडले तर खाली फरशी कोरडी ठणठणीत. माझ्याखाली एक गलेलठ्ठ गृहस्थ, त्यांची पगडी कोपऱ्यात आणि मोडकी छत्री माझ्या बगलेत. छत्री अजून निथळत होती. दाराखालून आलेला समुद्र तो हाच!

"मैं त्रिकमजी!" गृहस्थ कण्हले. जंगबारात कुणाच्या दारी गेलं की 'होडी' म्हणायची रीत आहे, म्हणजे 'आत येऊ का?', असं त्यांनी पगडी झटकत मला सुनावलं. मग म्हणाले, "तीस बरस से घर घर 'होडी' बोलता है, पर किसी ने हमको अपनी औरत नहीं दी! अगली आगबोट से वापस जाव!"

आगबोट! मी त्यांचे पाय धरले ते सोडीचना. तेवढ्यात धुरपदाबाई जिना उतरून आली आणि पदर सावरून म्हणाली, "शेटजी, हाऊ मानूस वाईट नही शे. यास्ले नुसतं पानीनं भ्याव—"

पाण्याला भिणारा कारकून बेटावर कोण ठेवील?

"भ्याव नाही, वेड!" मी ओरडलो. "पाण्याचं वेड, शेटजी! होडी शब्द ऐकला की हम रुकताच नहीं. सीधा उडी!"

शेटनी दुखरी कंबर चोळत माझ्याकडे पाहिलं. हळूहळू त्यांचा चेहरा खुलला. "अच्छा?" ते म्हणाले. "पेढी पर बैठनेवाला तो बहुत है. बंदर में जहाज खड़ा रहता है, उधर होडी में बैठ के लवंग की बोरी गिनने को कोई नहीं जाता. कल से रोज तुम जाव!"

धुरपदाबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "शेटजी, यास्ले होडीमा बांधी ठेवाले दोर शे का?"

"छे, छे!" शेट म्हणाले.

चला, निदान बांधून तरी नेणार नाहीत, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. मग आठवलं, की गुजरातीत 'छे' म्हणजे 'आहे'.