दाजी आणि ओलं लाकूड

"ह्यां लाकूड जिता आसा! एकव ओंडको खाली उतराचो नाय!"

दाजी ट्रकवर चढून ओरडत होते आणि खाली ड्रायव्हर खून करताना पकडल्यासारखा उभा होता.

कसालच्या आमच्या काजू कारखान्यात जळण घ्यायचं काम दाजींकडे. वाफवल्याशिवाय काजू बी नीट फुटत नाही. बॉयलर थंड पडला की बी फोडणाऱ्या चाळीस बायका घरी. परदेशी गिऱ्हाइकाची अट मात्र अशी, की हिरवं झाड जाळायचं नाही. गिऱ्हाईक ती विसरलंही असेल, दाजी नाही. ते प्रत्येक लाकूड हुंगतात. झाड कुठल्या गावचं, एवढंच काय, कापणारा कुठल्या कुशीवर झोपतो तेही सांगतात. निम्मी थाप असते, पण कुठली निम्मी ते आजवर कळलेलं नाही. देवळातलं तीर्थसुद्धा ते आधी हुंगतात, मग पितात.

शेट धावत आले. माल दोन दिवसांत जायचा होता.

"दाजीनू, झाड कापून झाला. आता काय परत जोडतलास?"

दाजींनी एका रुंद ओंडक्यावर हात ठेवला आणि तो हुंगलाही नाही. ट्रकबरोबर आलेल्या लाकूडवाल्याने झाड सुकलेलं असल्याचा, झाडमालकाच्या संमतीचा कागद पुढे केला. एरवी लग्नपत्रिकासुद्धा उन्हात धरून बघणारा हा माणूस, त्याने कागदाकडे ढुंकून पाहिलं नाही.

"ट्रक परत जाऊंदे," एवढंच म्हणाले आणि टेम्पो घेऊन तारकर्लीकडे सुटले, जळणासाठी नारळाची सोडणं, म्हणजे वरची सुकी सालं, गोळा करायला. तिथल्या एका म्हातारीने सोडणं फुकट देऊ केली, तर तिचीच उलटतपासणी. "फुकट कित्याक देतंस? खाली साप आसा काय?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सहा खेपा झाल्या. मी नऊ सांगतो, पण सहा. बॉयलर पेटला, बायका कामाला लागल्या, माल एक दिवस उशिरा गेला आणि शेट आठवडाभर दाजींशी बोलले नाहीत.

कारखान्यात कुजबुज सुरू झाली. सोडणवाल्यांकडून दाजींना काहीतरी मिळत असणार. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं. लाकूडवाला घाईत कागद टेबलावरच विसरून गेला होता. दाजींना पकडायचंच म्हणून मी तो उघडला.

आंब्याचं झाड, सुकलेलं. मालक दोघे: दाजी आणि त्यांचा मुंबईचा धाकटा भाऊ. खाली दोघांच्या सह्या. दाजींची सही मी दहा वर्षं बघतोय, तीच होती.

कागद घेऊन बॉयलरपाशी गेलो. दाजी सोडणं रचत होते. मी विचारलं, झाड तुमचं, सही तुमची. सही करताना वाचलं नव्हतं काय?

त्यांनी हातातलं सोडण आधी नीट बसवलं.

"भावाचो कागद कोण वाचता?"