दोन प्रोसेसर, एक शून्य

महिन्याच्या दोन तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास, आमच्या हयात नोंद कार्यालयातला एकुलता एक संगणक निधन पावला. हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण आमच्याकडे तो वापरायला तीन सह्या लागतात. संगणकाच्या बाबतीत त्या मिळाल्या.

शहरात कोण जिवंत आहे आणि कोण नाही, याची यादी ठेवणं हे आमचं काम. यादीत प्रत्येक नावापुढे एक अंक असतो. जिवंत माणसाला शून्य, मयताला एक. ही पद्धत कुणी ठरवली ते ठाऊक नाही. पण जन्मभर शून्य राहिलेल्या माणसाला शेवटी तरी काहीतरी मिळावं, असा थोर विचार तिच्यामागे असावा.

संगणकवाला आला. त्यानं पेटीचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि घरातला कर्ता गेल्यासारखी मान हलवली.

"ताई, प्रोसेसर जळलाय. आणि जाता जाता मेमरीतला एक ठिपका उलटा करून गेलाय. कुणाच्या तरी शून्याचा एक झाला असणार."

"कुणाच्या?"

"ज्याचा झालाय तो येईलच की सांगत."

तो तासाभरात आला. बाजारपेठेतले घड्याळजी काका, आणि त्यांच्या मागोमाग काकू. काकांचा एक डोळा तरुणपणीच स्प्रिंग उडून गेला होता. उरलेल्या एका डोळ्यावर त्यांनी चाळीस वर्षं सगळ्या शहराला वेळेवर ठेवलं. आता त्यात मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरगावाहून वर्षातून एकदाच येत, आणि यंदा ते वीस तारखेला येणार होते.

"ऑपरेशनसाठी नाव घालायला गेलो तर तिथली बाई म्हणते, हे गेलेत," काकू म्हणाल्या. "अकराला तुमच्याकडून यादी आली म्हणे, तीत तसं लिहिलंय. मी म्हटलं, गेलेत कुठे? हे काय बाकावर बसलेत, पिशवी धरून. तर म्हणते, हयातीचा दाखला आणा."

"अगं, तिचं काय चुकलं?" काका म्हणाले. "चाळीस वर्षं तूच म्हणत होतीस, तुमच्यात जीव म्हणून नाही."

"तुम्ही गप्प बसा हो. मेलेल्या माणसानं मध्ये बोलू नये."

काम एका अंकाचं होतं. मी संगणकवाल्याला विचारलं, दुसरा प्रोसेसर बसवायला किती वेळ लागेल? आणि इथेच त्या भल्या माणसाच्या हातून जन्माची चूक झाली.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "साधा डेस्कटॉपचा माझ्या पिशवीत आहे. हां, दुसरा पर्याय सर्व्हरचा. तो..."

मी त्याच्या तोंडावर हात ठेवणार होते, पण साहेब दारातच उभे होते.

"पर्याय दोन आहेत?" साहेबांनी विचारलं.

आमच्या नियमपुस्तकात स्पष्ट आहे. एकच मार्ग असेल तर काम करावं. दोन मार्ग असतील तर समिती नेमावी. संगणकवाला अर्धं वाक्य आधी थांबला असता तर काका साडेबारा वाजता जिवंत होऊन जेवायला घरी गेले असते.

"किती दिवस लागतील गं पोरी?" काकांनी विचारलं.

कुणाचं मन दुखवायचं नाही, असा माझा रोजचा नेम आहे. म्हणून मी कुणालाही 'नाही' म्हणत नाही. 'उद्या या' म्हणते.

समितीत तिघं होतो. अध्यक्ष साहेब, सदस्य दुरुस्तीप्रमुख, आणि टिपण लिहायला मी. माहिती द्यायला संगणकवाल्याला उभं केलं होतं. साक्षीदाराला आमच्याकडे खुर्ची नसते.

"सोप्या भाषेत सांगतो," तो म्हणाला. "डेस्कटॉपवाला एका वेळी थोडी कामं करतो, पण चटकन. सर्व्हरवाला अंगानं मोठा. त्यात चौसष्ट कोअर, म्हणजे चौसष्ट जणं एकदम काम करणारी. रात्रंदिवस चालतो, थकत नाही. त्याला मेमरीही खास लावतात. तिच्यात ठिपका उलटला तर तिची तीच सुलटा करते. पण साहेब, तुमच्याकडे टाइप करणाऱ्या या एकट्या ताई. तुम्हाला साधा भरपूर झाला."

'साधा' हा शब्द साहेबांना लागला. "शेजारच्या वृक्षगणना कार्यालयात कुठला आहे?"

"सर्व्हरचा."

"झाडांना सर्व्हर, आणि माणसांना साधा?"

मी ते टिपणात उतरवलं. सर्व्हर जवळजवळ मंजूरच झाला होता. तेवढ्यात दुरुस्तीप्रमुख पुढे सरकले. त्यांच्या हाताखाली नऊ माणसं. यादीतल्या चुका दुरुस्त करणं हे त्यांचं काम, आणि एक चूक ते सहा महिने पुरवून वापरतात.

"जरा थांबा. ती मेमरी चूक स्वतःची स्वतः सुधारते?"

"हो."

"अर्जाशिवाय?"

"अर्ज कोण करणार? आतल्या आतच होतं ते, डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"म्हणजे कुणाची सही नाही, शिक्का नाही, आणि चूक झाली होती याचा पुरावासुद्धा उरणार नाही?" दुरुस्तीप्रमुखांचा आवाज कापरा झाला. "साहेब, याला दुरुस्ती नाही म्हणत, याला खाडाखोड म्हणतात. उद्या माझ्या नऊ जणांनी करायचं काय? शिवाय चूक सुधारणारं यंत्र आणलं, म्हणजे आपल्याकडे चुका होतात असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल."

"आपल्याकडे चुका होत नाहीत," साहेब म्हणाले.

"अजिबात नाहीत. आम्ही नऊ जण फक्त दुरुस्त्या करतो."

मग साहेबांना चौसष्ट कोअर सतावू लागले. टाइप करणारी मी एकटी. म्हणजे उरलेले त्रेसष्ट दिवसभर काय करणार? कार्यालयात कामाशिवाय बसायला बंदी आहे. ज्यांना बसायचं असतं ते नियमाप्रमाणे आधी कामाचा कागद समोर ठेवतात. त्रेसष्ट जणांपुढे कागद कुठून आणायचे? तेव्हा त्रेसष्ट नवे टंकलेखक मागावेत, असं पत्र वर गेलं. वरून उत्तर आलं की टंकलेखक देता येतील, पण आधी त्यांची बसायची जागा दाखवा.

जागेचा प्रश्न निघाला तशी संगणकवाल्यानं घाम पुसत आणखी एक माहिती दिली. सर्व्हरला थंड खोली लागते. आमच्याकडे थंडावा येईल अशी एकच जागा होती, लोकांची बसायची खोली. दुसऱ्या दिवशी बाक उचलून फुटपाथवर मांडले आणि खोलीला कुलूप लावलं. कुलपाच्या आत थंडावा साठू लागला. तो कमी होऊ नये म्हणून आत जायला मनाई केली.

काका-काकू आता माझ्या खिडकीबाहेर फुटपाथवर बसू लागले. काकू स्वेटर विणत. काकांचे हात रिकामे. आणि रिकामे हात त्यांना सोसत नसत. माझ्या टेबलामागचं भिंतीवरचं घड्याळ साडेचारला बंद पडलेलं होतं. त्यामुळे आमच्याकडे केव्हाही आलं तरी घरी जायची वेळ झालेली असे. काकांनी ते मागून घेतलं. भिंग डोळ्याला लावलं, आणि नंतर भिंग बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी चाचपत दुरुस्त केलं.

"डोळ्यापेक्षा बोटंच बरी दिसायला लागलीत," ते हसत म्हणाले.

घड्याळ चालू झालं आणि कार्यालयात पेच पडला. दुरुस्ती कुणी केली, हे रजिस्टरात लिहावं लागतं. काकांचं नाव लिहिलं तर शासकीय मालमत्तेला मयत इसमाचा हात लागला, असं झालं असतं. शेवटी घड्याळ बंदच असल्याची नोंद झाली. ते चालत होतं ते वैयक्तिक जबाबदारीवर.

पंधरा तारखेला काकूंचा बांध फुटला. "अहो, माणूस समोर बसलाय. हात लावून बघा ना, गरम लागतोय!"

"काकू, आम्ही कुठे नाकारतोय?" दुरुस्तीप्रमुख गोड आवाजात म्हणाले. "काकांनी स्वतः तसा अर्ज द्यावा."

काकांनी लगेच कागद मागितला.

"पण मयताचा अर्ज घेता येत नाही," दुरुस्तीप्रमुख म्हणाले.

"मग मी देते," काकू म्हणाल्या.

"तुम्ही द्या की. फक्त नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहू नका हं. यादीप्रमाणे तुम्ही विधवा."

काकूंनी सुया पिशवीत टाकल्या आणि नवऱ्याकडे बघितलं. "ऐकलंत?"

"ऐकलं. कान शाबूत आहेत अजून," काका म्हणाले. "किती वाजले गं पोरी?"

मी चमकले. त्या खिडकीतून भिंतीवरचं घड्याळ सरळ दिसतं. फुटपाथवर बसले त्या पहिल्या दिवशी त्यांनी बाहेरूनच सांगितलं होतं की मिनिटकाटा जरा वाकलाय.

"सव्वातीन, काका."

अठरा तारखेला समितीनं ठरवलं की दोन्ही प्रोसेसर प्रत्यक्ष चालवून पाहावेत. पहिली पाळी डेस्कटॉपची. संगणकवाल्यानं तो बसवला. नऊ मिनिटं लागली. दहावं मिनिट त्यानं हात पुसण्यात घालवलं. पडदा उजळला, यादी उघडली. चाचणीसाठी कुणाची तरी नोंद हवी म्हणून साहेबांनी काकांचीच काढायला सांगितली. नाव, वय, धंदा, आणि पुढे ठळक एक.

काका-काकूंना खास परवानगीनं आत उभं केलं होतं. काकू पडद्यापाशी आल्या.

"हाच का तो?"

"हो, काकू."

"एवढासा? मग कर ना बाई त्याचं शून्य. तुझं बोट तिथेच तर आहे."

माझं बोट खरंच तिथे होतं. शून्याच्या कळीवर, नखानं स्पर्श होईल इतक्या जवळ.

"थांबा!" साहेब ओरडले. "ही चाचणी आहे. चाचणीत खरं काम करता येत नाही. एकावर काम झालं आणि दुसऱ्यावर नाही, तर तुलना निःपक्षपाती कशी राहील?"

मी बोट उचललं. साहेबांचंही मन दुखवायचं नव्हतं.

खोटं लिहायचं नाही, हा माझा दुसरा नेम. म्हणून मी टिपणात लिहिलं: 'चाचणी यशस्वी. यंत्र उत्तम चालले. उपस्थित सहा.' साहेबांनी वाचून सहाचे पाच केले. काका तेव्हा त्यांच्या खुर्चीला धरून उभे होते.

एकोणीस तारखेला सर्व्हर आला, पण थंड खोलीच्या कुलपाची किल्ली मिळेना. ती आत राहिली होती. आत जायला मनाई होती.

वीस तारखेला डॉक्टर आले आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले.

चोवीस तारखेला समितीनं एकमतानं प्रोसेसर निवडला. तो बसला, चालला, आणि त्याच दुपारी मी काकांचं शून्य केलं. एक कळ दाबायची होती. दाखला छापून मी स्वतः खिडकीतून बाहेर दिला. काकांनी हात पुढे केला तो दाखल्याच्या वीतभर डावीकडे. काकूंनी तो धरून कागदापाशी आणला.

"डॉक्टरांच्या इथली बाई म्हणाली, आता पुढल्या वर्षी येऊन उपयोग नाही," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "आत दाब वाढलाय. तेवढा वेळ नव्हता म्हणे त्या डोळ्याकडे."

"जाऊ दे गं," काका म्हणाले. "जिवंत तर झालो. सही कुठे करायची?"

मी त्यांचा पेन धरलेला हात रेघेवर ठेवला. रेघेच्या वर छापलेलं असतं: 'वरील मजकूर मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला असून तो बरोबर आहे.' काकांनी सही केली. सही सरळ आली. बोटांना सवय होती.

निघताना त्यांनी मान तिरकी करून भिंतीकडे कान लावला. "दोन मिनिटं मागे पडतंय ते. कुणाला तरी दाखवून घ्या."

या गोष्टीला आता वर्ष झालं. मी ती अनेकांना सांगितली आहे. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर. लोक मन लावून ऐकतात, साहेबांना हसतात, समितीला नावं ठेवतात, आणि शेवटी जरा पुढे झुकून सगळे एकच गोष्ट विचारतात: "पण मग शेवटी घेतला कुठला? सर्व्हरचा, की डेस्कटॉपचा?"

काकांचा उरलेला डोळा गेला तो उजवा होता की डावा, हे आजवर कुणीच विचारलेलं नाही. पर्याय तिथेही दोनच होते.

तुम्ही काय विचारणार होतात, ते मी विचारत नाही. मन दुखावेल. तुम्ही उद्या या.