माझ्या पदरचं काय न्हाय

गुरुपाद अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या मालकांच्या केबिनमध्ये बसून मालकांनाच सांगत होते, "तुमचा माल भंगार आहे आणि तुमच्या शब्दावर माझा काडीचाही विश्वास उरलेला नाही." आवाज अजिबात चढलेला नव्हता. समोर मालकांनीच मागवलेला चहा होता.

नव्वदीची सुरुवात होती. शिरोली एमआयडीसीतल्या, लोखंड वितळवून भाग ओतणाऱ्या एका फौंड्रीत मी खरेदीचं काम बघायचो आणि कसलीतरी सही घ्यायला आत शिरलो होतो. आमचे मालक म्हणजे तालमीतला माणूस. ते टेबलावर हात आपटून उठले आणि म्हणाले, "कुणाच्या मालाला भंगार म्हणतोस रं?" त्यावर हा किडकिडीत, जाड चष्म्याचा इसम शेजारच्या गोऱ्या पाहुण्याकडं वळला आणि तितक्याच जोरात टेबलावर हात आपटून जर्मन भाषेत त्याच्या अंगावर खेकसला. चहा सांडला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की भंगार म्हणणारा तो गोरा होता आणि हा त्याचा-आमचा दुभाषी.

बैठक संपली, जर्मन गेला, पण मालकांचा राग अण्णांवरच अडकून राहिला. अण्णा चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "ह्यात माझ्या पदरचं काय न्हाय, मालक." हे वाक्य पुढं मी इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही ओळखलं असतं.

दुभाष्यानं 'साहेब असं म्हणतात' असं म्हणायचं नाही, हा अण्णांचा धर्म होता. साहेब 'मी' म्हणाले की आपणही 'मी' म्हणायचं. साहेब हसले तर हसायचं, साहेबांनी टेबल बडवलं तर बडवायचं. मधला माणूस दिसता कामा नये. आता हे तत्त्व म्हणून ठीक आहे, पण पुढच्या खेपेला चहापानाच्या वेळी तोच जर्मन काही घरगुती बोलला आणि अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या मुलीचं लग्न आहे." दारात उभ्या असलेल्या वॉचमननं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी गेटवर त्यानं विचारलं, "पावणं, कार्यालय कुठलं धरलंय?" अण्णांना मूलबाळ नव्हतं. पण ते लगेच नाही म्हणाले नाहीत. जरा थांबून, चष्मा पुसून, "अजून ठरायचंय," असं म्हणून आत गेले. मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढं कळलं, की ते राहतात आमच्याच मंगळवार पेठेत, आमच्याच गल्लीत. मूळचे गडहिंग्लजच्या पुढचे, कर्नाटकाला खेटून असलेल्या गावचे, त्यामुळं कन्नड आणि मराठी जन्मजात. तरुणपणी पुण्यात एका कारखान्यात होते तेव्हा जर्मन शिकले. इंग्रजी, हिंदी तर आलीच. एवढ्या भाषा पोटात घेतलेला माणूस शांत कसा बसणार? गल्लीत दोघं बोलत उभे राहिले की अण्णा जिथं असतील तिथून सरकत सरकत त्यांच्या मधे, अर्धं पाऊल मागं येऊन उभे राहायचे. नळावर दोन बायका भांडायच्या त्या मराठीतच, म्हणजे अण्णांना काम काहीच नाही, पण त्यांचे ओठ हलत असायचे. आणि दोन माणसं गप्प बसलेली दिसली तर मग विचारूच नका. त्यांचा उजवा पाय हलायला लागायचा, मग ते उठायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे आणि ती माणसं बोलायला लागली का ते बघायचे.

एकदा आम्ही दोघं गडहिंग्लजच्या एसटीत होतो. निपाणीच्या स्टँडवर कंडक्टरची एका कन्नड म्हाताऱ्याशी जुंपली. मी अण्णांचा शर्ट धरून ठेवला होता, पण काय उपयोग. अण्णा मधे जाऊन उभे राहिले आणि दोन्हीकडच्या शिव्या दोन्हीकडं पोचवू लागले, अस्सल, वजनात काही कमी न करता. तोपर्यंत दोघांना एकमेकांच्या शिव्या कळत नव्हत्या म्हणून भांडण बेताचं होतं. शेवटी म्हातारा आणि कंडक्टर एक झाले आणि त्यांनी अण्णांना खाली उतरवलं. बरोबर मीही उतरलो. "ह्यात माझ्या पदरचं..." अण्णांनी सुरुवात केली. मी म्हटलं, "तुमच्या पदरात आता दुसरी गाडी येईपर्यंत हा स्टँड हाय."

फौंड्रीवाल्यांची मोठी परिषद कोल्हापुरात भरली तेव्हा दुभाष्यासाठी बूथ कुठून आणणार? एका सुतारानं प्लायवूडचं खोकं ठोकून दिलं, पुढं काच, आत माईक. उभ्यानं मावेल एवढंच. जर्मन व्याख्याता फिरता फिरता बोलणारा निघाला. तो मंचावर येरझाऱ्या घालू लागला तसे अण्णाही खोक्यात जागच्या जागी घालू लागले, आणि सगळं खोकं गदगदा हलायला लागलं. सभागृह मंचाकडं पाठ करून खोक्याकडं बघत बसलं. व्याख्याता आपल्या वारलेल्या भागीदाराबद्दल बोलताना थांबला, तर आत अण्णा डोळे पुसत होते. पुढं आमचे अध्यक्ष कोल्हापुरीत बोलायला उभे राहिले. अण्णांना थांबायचं भानच नव्हतं. त्यांनी त्या मराठीचं आणखी स्वच्छ मराठी केलं, आणि लोकांनी सांगितलं की अध्यक्षांचं भाषण पहिल्यांदाच समजलं.

मेजवान्यांत दुभाष्याला जेवता येत नाही. तोंडात घास असेल तर पाहुण्याचं वाक्य वाया जातं. म्हणून अण्णा आधीच खाऊन घ्यायचे. ही सवय त्यांनी घरीही आणली होती. सगळे जेवायला बसायच्या आधी काहीतरी खाऊन ते मोकळे व्हायचे, आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात स्टूल टाकून बसायचे. एका हाताला अव्वांचं बाजलं, दुसऱ्या हाताला चूल.

अव्वा म्हणजे त्यांच्या आई. त्यांना कन्नडशिवाय दुसरं अक्षर येत नव्हतं, आणि म्हातारपणी कानानंही दगा दिला होता. अण्णांच्या पत्नी शकूवहिनी कोल्हापुरातच वाढलेल्या, मराठीच्या. सासू-सुनेचं बोलणं व्हायचं ते अण्णांच्या तोंडून. आता माझं आजोळ गडहिंग्लजकडचं, त्यामुळं कन्नड बोलता येत नसलं तरी मला कळतं. एका संध्याकाळी मी तिथं बसलो असताना अव्वा भाकरीचा तुकडा वर धरून म्हणाल्या, की असली कच्ची भाकरी आमच्यात जनावरापुढंही टाकत नाहीत. अण्णा वहिनींकडं वळले आणि म्हणाले, "सूनबाई, तुझ्या हातची भाकरी खाल्ली की माझा जीव निवतो बघ." वहिनी तव्याकडं बघत म्हणाल्या, की एवढी नावं ठेवतायत तर उद्यापासून स्वतः थापा म्हणावं. अण्णांनी ते अव्वांच्या कानात कन्नडमध्ये ओरडून सांगितलं: "तुमच्यासारखी मला जमत नाही, शिकवा."

मी हसू दाबून बाहेर आलो. अण्णा मागोमाग आले. मी विचारलं, "काय अण्णा, इथं शब्दाला शब्द न्हाय वाटतं?" ते एरवी कधी चिडत नसत, पण तेव्हा चिडले. "कास्टिंग फुटलं तर वितळवून परत ओतता येतंय," ते म्हणाले. "घर कशात वितळवणार?"

अशी वर्षं गेली. अव्वा रोज नावं ठेवायच्या आणि वहिनींना रोज गोड शब्द ऐकू यायचे. साडी अंगाला शोभते, पाय दुखत असतील तर जरा बस, तू होतीस म्हणून मी टिकले. मला वाटायचं, बिचाऱ्या वहिनी किती फसतायत.

दोन हजार साल उलटून गेल्यावर अव्वा गेल्या. गावी नेऊन मूठमाती दिली, दिवसकार्य झालं, आणि अण्णा बोलायचे थांबले. बाहेरचं कामही आटत चाललं होतं, कारण मालकांची मुलं आता पाहुण्यांशी स्वतःच इंग्रजीत बोलायची. अण्णा स्टुलावर बसायचे, आधी रिकाम्या बाजल्याकडं बघायचे, मग चुलीच्या जागी आलेल्या गॅसकडं, मग पाय हलायला लागायचा आणि ते उठून गल्लीत यायचे. टोकापर्यंत जायचे, परत यायचे. आम्ही हाक मारली तरी थांबायचे नाहीत. गल्लीला वाटलं, आईचं दुःख आहे, ओसरेल. ते ओसरलं नाही.

एका रविवारी दुपारी वहिनींनी मला बोलावलं. दाराशी भरलेली पिशवी होती. अण्णा आपल्या स्टुलावर, वहिनींच्या हाताच्या अंतरावर. तरी वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना सांगा, मी इचलकरंजीला भावाकडं निघाले. परत यायचं काय खरं न्हाय."

असल्या भानगडीत आपण पडू नये हे मला कळतं. पण पाय निघेना. मी म्हटलं, "अण्णा, वहिनी म्हणतात..."

"'वहिनी म्हणतात' न्हाय," अण्णा म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. "तू दिसता कामा नयेस. 'मी' म्हण."

मग मी, चांगला मिशा असलेला माणूस, खाकरून म्हणालो, "मी भावाकडं निघाले."

"सांगा," वहिनी म्हणाल्या, "सासूबाई गेल्यापासून हा माणूस माझ्याशी एक वाक्य बोलला न्हाय. घर खायला उठतंय मला."

"सासूबाई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी एक वाक्य बोलला नाहीत," मी म्हणालो. "घर खायला उठतंय मला." आणि खरं सांगतो, परक्याचं वाक्य असून बाहीनं डोळे मीच पुसले. खोक्यात अण्णा डोळे का पुसत होते ते मला त्या दुपारी समजलं.

अण्णा उठले, बसले, पुन्हा उठले. मग त्यांची मान सवयीनं बाजल्याकडं वळली. त्यांनी कान दिला, ऐकल्यासारखं केलं आणि वहिनींकडं वळून म्हणाले, "सूनबाई, जाऊ नको. तुझी भांड्यांची आदळआपट ऐकू आली न्हाय तर मला घरात असल्यासारखं वाटत न्हाय."

वहिनींनी बाजल्याकडं पाहिलं, मग अण्णांकडं. आणि अगदी अव्वांच्या सुरात, अव्वांच्या गावच्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "अव्वा हंग येंदू अंदिल्ल."

म्हणजे, अव्वा असं कधीच म्हणाल्या नाहीत. एवढं तर मलाही कळलं. अण्णा मटकन खाली बसले. "तुला कन्नड येतंय?"

"लग्नानंतर दोन वर्सांत आलं होतं की. कान हायत मला."

"मग एवढी वर्सं बोलली न्हाईस ते?"

"बोलले असते तर तुम्ही सांगायचं थांबवलं असतं," वहिनी म्हणाल्या. "त्या म्हणायच्या भाकरी कच्ची. तुम्ही म्हणायचा जीव निवतो. त्यातलं त्यांचं कुठलं आणि तुमचं कुठलं, ते मला कळत होतं. तेवढंच ऐकायला मी चुलीपाशी बसत होते."

फसले होते ते अण्णा, आणि मी. अण्णांचा पाय आता हलत नव्हता. मग त्यांनी बाजल्याकडं न बघता, माझ्याकडंही न बघता सांगितलं, "जाऊ नको."

"कोण म्हणतंय?" वहिनींनी विचारलं.

"मी." ओठ नुसतेच हलले, आणि मग आवाज आला. "हे माझ्या पदरचं हाय."

पिशवी पायानं बाजूला सारून वहिनींनी दोन ताटं घेतली, भाकरी वाढली, झुणका वाढला आणि स्टूल उचलून बाहेर ठेवलं. अण्णा जमिनीवर मांडी घालून बसले. बायकोसमोर बसून जेवायचं, वर बोलायचंही, याची त्यांना बिलकूल सवय नव्हती. घास तोंडात असतानाच ते काहीतरी सांगायला गेले आणि त्यांना असा ठसका लागला, की डोळ्यांतून पाणी आलं. वहिनींनी तांब्या पुढं केला आणि म्हणाल्या, सावकाश, मी कुठं जात न्हाय.