उत्तमरावांची सात दिवसांची मुदत

आमच्या दिवाणखान्यातले घड्याळ चार मिनिटे मागे होते. वरच्या मजल्यावरचे उत्तमराव सोनकांबळे रोज संध्याकाळी त्याच घड्याळाखाली बसून चहा घेत आणि त्याविषयी अवाक्षर काढीत नसत. एके सकाळी दाराच्या फटीतून त्यांची चिठ्ठी आत आली : "आपले घड्याळ चार मिनिटे मागे आहे. पुढे करावे काय? सात दिवस वाट पाहीन." आठव्या दिवशी स्टुलावर चढून त्यांनी काटा सरकवला आणि दुसरी चिठ्ठी हातात दिली : "काटा चार मिनिटे पुढे केला. काच पुसलेली नाही."

"समोर बसून विचारता आलं नसतं का?" मी म्हणालो.

"तोंडावर विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो, सर. चिठ्ठीला नाही म्हणता येतं."

उत्तमराव मूळचे नांदेडकडचे. निजामाच्या या आमच्या शहरात, तारनाक्याला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला. फाटकाच्या कडीला तेल घालायचे होते, तेव्हाही त्यांनी वॉचमन यादगिरीला रीतसर चिठ्ठी दिली. तो ती घेऊन घाबराघुबरा माझ्याकडे आला. "मेरेकु पढना नईं आता साब. क्या गलती हुई मेरेसे?" हे कळताच उत्तमरावांनी मजकूर त्याला स्वतः वाचून दाखवला आणि सात दिवस तिथपासून पुन्हा मोजले. कडी तेवढे दिवस कुरकुरत राहिली.

या स्वभावाला साजेसा छंदही त्यांना सापडला. गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घरात आले, त्या दिवसांतली ही गोष्ट. जगभरची हौशी माणसे मिळून एक मुक्त संगणकप्रणाली बनवीत होती. ती कुणीही घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी. तिच्यातला प्रत्येक छोटा प्रोग्राम म्हणजे एक पॅकेज, आणि प्रत्येक पॅकेज सांभाळणारा एक माणूस. दुसऱ्याच्या पॅकेजात दोष दिसला तर दुरुस्ती करता येई. पण आधी त्याला कळवायचे, वाट पाहायची, मोडले असेल तेवढेच नीट करायचे आणि काय केले ते लिहून ठेवायचे. हे नियम मला वाचून दाखवताना उत्तमरावांचा चेहरा हरवलेला नातेवाईक भेटल्यासारखा झाला होता.

त्यांच्याच आग्रहाने मीही एक पॅकेज सांभाळू लागलो. मी जामबागच्या शाळेत गणित शिकवीत असे. निजामाच्या काळातल्या कागदांवर फसली या महसुली सनाच्या तारखा असतात. त्यांवरून इंग्रजी तारीख काढून देणारा प्रोग्राम मी लिहिला होता. जमिनीचे कागद, आजोबांचे शाळेचे दाखले घेऊन बसलेल्या लोकांची पत्रे येत. माझी पत्नी सुनंदा म्हणे, "तुम्हाला पेन्शनीच्या आधीच दुसरी नोकरी लागली."

पुढे सुनंदा गेली. संगणकावर तिने शिवलेले आच्छादन होते, ते मी उचलले नाही. उत्तमराव रोज येत. माझ्या स्वयंपाकघराला हात लावायला नको म्हणून वरून थर्मासात चहा आणीत. संगणकाचा विषय काढीत नसत. चार महिन्यांनी चिठ्ठी आली : "आपल्या पॅकेजात तीन दोष नोंदले गेले आहेत. पहिले दोन राहिल्यास प्रणालीच्या येत्या आवृत्तीतून पॅकेज काढून टाकतील. दुरुस्त करावे काय? सात दिवस वाट पाहीन."

मी उत्तर दिले नाही.

नवी आवृत्ती निघाल्यावर एका रविवारी मी आच्छादन उचलले. पॅकेज जागेवर होते. सांभाळणाऱ्याचे नाव माझेच होते. दोन दोष दुरुस्त झाले होते. बदल मिळून पाच ओळींचा. खाली पत्रव्यवहार होता. परदेशातून कुणी विचारले होते : सांभाळणारे गृहस्थ बेपत्ता दिसतात, पॅकेज तुम्हीच आपल्या नावावर का करून घेत नाही? उत्तमरावांचे उत्तर असे होते : "बेपत्ता नाहीत. माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. दिवा रोज लागतो."

संध्याकाळी ते थर्मास घेऊन आले. मी म्हणालो, "तिसरा दोष तसाच राहिला की, उत्तमराव. दहा मिनिटांचं काम होतं."

"हो सर. त्याच्यापायी पॅकेज काढलं नसतं. म्हणून ठेवला."

"कशाला?"

"तुम्हाला दहा मिनिटं बसायला."

मी बसलो. सवय मोडली होती. दहा मिनिटांचा दीड तास झाला. एका ओळीत मी चुकून वजाच्या जागी अधिक केले. शेजारच्या खुर्चीवरून उत्तमरावांना ते दिसले असणारच. माझे मला दिसेपर्यंत ते दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले.